काळ्या पलटणीचं पान

मी कोमांचींवर पुस्तिका लिहितेय हे कळलं तेव्हा मंडळातल्या निम्म्या लोकांना ते एखाद्या जपानी कंपनीचं नाव वाटलं. कोमांची म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मैदानांवर घोड्यांवरून राहणारे लोक, त्यांच्याच जमिनीत त्यांच्याभोवती सैन्याचे किल्ले उभे राहिले, असं मी दर शुक्रवारी एकेकाला सांगत होते. ऐकणारा म्हणायचा, बरं, पण आपल्याला काय त्यांचं?

आमचं मंडळ म्हणजे महाराष्ट्रातून बहारीनला आलेली बौद्ध कुटुंबं. कुणी एसी टेक्निशियन, कुणी ड्राफ्ट्समन, कुणी ऑफिसात. शुक्रवारी सकाळी मुहर्रकला अध्यक्षकाकांच्या घरी जमतो, वंदना होते, मग चहा आणि भांडणं. दरवर्षी मंडळाची एक पुस्तिका निघते. ती छापली जाते नागपूरला आणि सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या बॅगांतून इकडे येते. मी अशाच पुस्तिकांवर वाढले. शाळेत मराठी नव्हतं, म्हणून पप्पांनी मला अक्षरं शिकवली ती याच पातळ, पिन मारलेल्या पुस्तिकांवरून. राजाराणीच्या गोष्टी माझ्या वाट्याला आल्या नाहीत. माझं वाचन थेट ‘बंधू-भगिनींनो’ने सुरू झालं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्या वर्षीची पुस्तिका मी लिहावी असं ठरलं. विषय मी निवडला. पप्पा रिफाला एका व्हिलात एसी काढायला गेले होते. तिथलं अमेरिकन कुटुंब सामान आवरून कायमचं निघालं होतं आणि पुस्तकं जमिनीवर पसरलेली होती. घरमालकीण म्हणाली, लागतील ती न्या. पप्पांनी वजनाने सगळ्यात जड ते उचललं. ते निघालं सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या कारभाराबद्दल. लढायांची वर्णनं कमी, गव्हाचं पीठ, दाणावैरण, घोड्यांचे नाल, खेचरगाड्या हेच जास्त. दुसऱ्या कुणी ते मिटून ठेवलं असतं. पण मी तुबलीच्या एका गॅरेजच्या ऑफिसात काम करते. पार्ट आला नाही की गाडी उभी राहते आणि गाडी उभी राहिली की कुणाकुणाचा फोन येतो, हे मला दिवसभर दिसतं. मला ते पुस्तक कळलं.

कळलं ते असं. कोमांचींचा घोडा गवतावर जगायचा. सैन्याच्या घोड्याला धान्य लागायचं, म्हणजे त्याच्यामागे धान्याच्या गाड्या आल्या, गाड्यांमागे राखण आली. असं लटांबर घेऊन मोकळ्या मैदानात कोमांचींना गाठणं सैन्याला वर्षानुवर्षं जमलं नाही. मग सैन्याने माणसांचा पाठलाग कमी केला आणि त्यांच्या जगण्याच्या साधनांचा सुरू केला. थंडीसाठी दरीत उतरलेल्या वस्त्या गाठल्या, तंबू जाळले, सुकवून ठेवलेलं मांस जाळलं, घोड्यांचे कळपच्या कळप पकडले आणि गोळ्या घालून मारले. घोडा गेला म्हणजे शिकार गेली. थंडीत पायी चालत लोक किल्ल्याशी आले. तिथून पुढे राखीव जमीन आणि ठरलेल्या दिवशी रेशन. रेशनला जो हजर तो शांत, जो गैरहजर तो शत्रू. एवढ्या सरळ नियमावर एका अख्ख्या समाजाचा हिशेब लावला गेला. मी लिहिलं की त्यांना कोठाराने हरवलं, बंदूक नंतर होती. कोमांचींनीही शेजारच्यांची गावं लुटली होती, माणसं पळवून नेली होती, हेही लिहिलं. लपवून लिहायचं असेल तर लिहायचं कशाला?

इथपर्यंत सगळे खूष होते. अडलं ते एका पानावर.

त्या किल्ल्यांमध्ये काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. नुकतीच गुलामगिरी संपलेली. काल ज्यांना विकता येत होतं ते आज गणवेशात होते. अधिकारी गोरे, शिपाई काळे. तारेचे खांब त्यांनी रोवले, रस्ते त्यांनी बांधले, टपालाच्या गाड्या त्यांनी राखल्या. किल्ल्यात पाद्री त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचा, दिवसाची ड्युटी संपवून मोठाली माणसं अक्षरं गिरवायची. आणि ज्या गावांचं रक्षण करायचं त्याच गावांत त्यांना शिव्या आणि दगड मिळायचे. कोमांचींच्या विरोधात हेच लोक लढले. पानाच्या शेवटी मी लिहिलं: ‘पोट हे कारण असतं, माफी नसते. कालच्या गुलामाने आज दुसऱ्याची जमीन मालकाला मिळवून दिली. हा प्रश्न आपण आपल्या पलटणींनाही विचारला पाहिजे.’

पलटण हा शब्द आमच्या घरात ज्या सुरात उच्चारला जातो तो बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागेल. ज्यांना गावात विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांच्या हातात इंग्रजांच्या पलटणीने बंदूक दिली. पगार दिला, पेन्शन दिली, मुलांसाठी शाळा दिली. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरचा पहिला शिकलेला माणूस शोधत गेलं की मागे कुणीतरी शिपाई सापडतो. अध्यक्षकाकांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्या आजोबांचा गणवेशातला फोटो आहे आणि वंदनेला बसताना आम्ही सगळे त्याच्याकडेच तोंड करून बसतो.

काकांना मी पीडीएफ पाठवली होती. काका विमानतळावर विमानांना लागणारी जमिनीवरची यंत्रं दुरुस्त करतात. मूळ रत्नागिरीकडचे. ब्रेकमध्ये त्यांचा फोन आला.

“काय गो बाय, झकास लिवलंयस. घोड्यांचं वाचून मला जेवण गेलं नाही.”

“थँक्यू काका.”

“ते काळ्या पलटणीचं पान तेवढं काढ.”

“का?”

“का म्हणून काय इचारतेस? तुला ठावं हाय का. आपल्या लोकांनी बंदूक उचलली म्हणून तू आज पीडीएफ पाठवतेस.”

“काका, पान काढलं तर पुस्तिका खोटी होईल. पान राहील तर पुस्तिका, नाहीतर नाही.”

“मग नाही,” काका म्हणाले. मागे कुणीतरी “यल्ला, यल्ला” ओरडत घाई करत होतं. फोन बंद झाला.

पप्पा मंडळाचे सचिव. संध्याकाळी त्यांना सगळं कळलेलं होतं. ते वऱ्हाडातले, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे रागावलेत की नाही हे आम्हाला शब्दांवरूनच ओळखावं लागतं.

“हे पान ठेवशील त काका उठून जातील.”

“जाऊ द्या.”

“जाऊ द्या म्हणते! ज्यायच्या घरी बसतो त्यायलेच उठून जा म्हणते.”

आई आतून म्हणाली, “पौर्णिमेच्या खिरीचं दूध कोण आणते ते ठरवा आधी. मंग कोमांची.”

“तुम्हाला पटत नाही का ते पान?” मी पप्पांना विचारलं.

“मले काय पटते ते सोड. माहे आजोबा सरहद्दीवर होते, दुसऱ्या महायुद्धात. वायव्य सरहद्दीवर, पठाणांच्या मुलखात. तुले माहीत हाय.”

मला माहीत होतं. पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य शिल्लक आहे. तिथे काय केलं असं विचारलं की ते म्हणायचे, आम्ही रस्ता राखला. कुणाचा रस्ता, कुणापासून राखला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी पप्पांना तेच म्हटलं. पप्पा दूध आणायला गेले.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही आहे. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण दुसऱ्यावर केलेला अन्याय हिशेबातून गळत नाही. हे मला कुठल्या परदेशी पुस्तकाने शिकवलेलं नाही, त्याच पिन मारलेल्या पुस्तिकांनी शिकवलं. त्या दुसऱ्यांना प्रश्न विचारायला शिकवतात, आणि एकदा सवय लागली की माणूस स्वतःच्या दारातच थांबत नाही, आत येतो.

आमच्यात पुस्तिका छापायला जाण्याआधी तिचं वाचन होतं. ही रीत काकांनी त्यांच्या गावाहून आणली. तिकडे पूर्वी वाडीत एकालाच वाचता यायचं, तो वाचायचा आणि बाकीचे ऐकून ठरवायचे. इथे सगळ्यांना वाचता येतं तरी रीत राहिली. नियम दोनच. लेखकाने स्वतः वाचायचं नाही, आणि वाचन चालू असताना लेखकाने बोलायचं नाही. ऐकणाऱ्याला खटकलं तर त्याने हात वर करायचा, तो भाग पुन्हा वाचला जातो, मग चर्चा. ऐकून कळलं नाही तर दोष लिहिणाऱ्याचा. काकांनी माझ्या पुस्तिकेचं वाचन रद्द केलं नाही. त्यांनी पप्पांना सांगितलं की तुम्ही वाचा, आणि ते पान उलटून पुढे जा. लोकांनी उरलेलं मंजूर केलं की पोरगी ताळ्यावर येईल. हे मला पप्पांनीच सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? पप्पा म्हणाले, “पाहू.”

त्या आठवड्यात एक दिवस पप्पा मला न्यायला गॅरेजवर आले. आमच्याकडे एक पठाण मेकॅनिक आहे, गिअरबॉक्सचा माणूस, वझिरीस्तानचा. पप्पांची त्याची जुनी ओळख. मी कॉम्प्युटर बंद करत होते आणि हे दोघं दाराबाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभे होते.

पप्पा अचानक म्हणाले, “खानसाहब, मेरे दादा तुम्हारे इलाके में थे। अंग्रेज की फौज में।”

“अच्छा? क्या करता था?”

“रोड संभालते थे।”

खान इतका हसला की हातातला ग्लास सांडला. “वो तुम्हारा दादा था? मेरा दादा बोलता था, सड़क पर फौज बैठा है, बकरी उधर नहीं जाएगा। पूरा बचपन हम लोग सुना, सड़क पर फौज बैठा है।”

“तो हम लोग का था वो फौजी,” पप्पा म्हणाले. तेही हसत होते.

“गोली चलाया था?”

“पता नहीं। बोले नहीं कभी।”

“मेरा दादा तो चलाया,” खान म्हणाला. “बहुत चलाया। लगा किसी को नहीं, ऐसा बोलता था। झूठ बोलता होगा।” मग त्याने पप्पांच्या पाठीवर थाप मारली. “चलो, आज चाय तुम पिलाएगा।”

पप्पांनी चहा पाजला. गाडीत बसल्यावर ते तुबलीच्या सिग्नलपर्यंत मधून मधून हसत होते. नंतर थांबले. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पप्पांनी ते पान माझ्यासाठी वाचलं असतं किंवा माझ्यावर चिडून वाचलं नसतं, आणि मला दोन्ही नको होतं.

शुक्रवारी काकांची खोली भरली होती. वंदना झाली. मी भिंतीला टेकून बसले. पप्पांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पप्पा वाचताना प्रमाण मराठी वाचतात, पण सूर वऱ्हाडीच राहतो, त्यामुळे टेक्सासमधला कर्नल अमरावतीच्या बाजूचा वाटत होता. दाणावैरणीचं वाचताना काही लोक हसले, कारण आमच्यातले दोघं-तिघं स्टोअरकीपर आहेत आणि मागितलेला माल न येणं हे त्यांचं रोजचं दुःख आहे. घोडे मारल्याचा भाग आला तेव्हा मोबाइल बघत बसलेल्या पोरींपैकी एकीने मान वर केली आणि म्हणाली, “ऑल द हॉर्सेस?” तिच्या आईने तिला गप्प केलं.

मग ते पान आलं. पप्पांनी बोट पानाच्या कोपऱ्याखाली घातलं. काका त्यांच्याकडे बघत होते. पप्पा पाणी प्यायले, आणि त्यांनी पान न उलटता वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्याच आवाजात, ना हळू ना मोठ्याने. ‘हा प्रश्न आपण आपल्या पलटणींनाही विचारला पाहिजे’ इथवर वाचलं आणि थांबले.

काकांचा हात वर गेला होता. नियमाप्रमाणे पप्पांनी पान पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा ते जास्त वाईट वाटलं. मलासुद्धा.

“सचिव,” काका म्हणाले, “तुम्हाला सांगितलं काय होतं?”

“सांगितलं होतं. मी वाचलं. माहा दोष.”

“बरं.” काका उठले नाहीत. आपल्या जागेवरूनच बोलायला लागले. “माझ्या आजाला गावात कुणी नावाने हाक मारीत नव्हतं. जातीने हाक मारायचे. पलटणीत त्याला नाव मिळालं. हजेरीत रोज पुकारायचे. त्याला कोण विचारणार, समोर कोण हाय, कोणाची जमीन हाय? त्याला स्वतःची वीतभर नव्हती.”

हॉस्पिटलात नर्स असलेल्या एक ताई म्हणाल्या, “हेच मला विचारायचंय. मग त्या काळ्या शिपायांनी काय करायला हवं होतं? परत मालकाच्या शेतात जायचं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

“लेखिकेला बोलता येत नाही,” काका म्हणाले.

खोली हसली. मी दातावर दात दाबून बसले. माझ्याकडे उत्तर होतं असं मला तेव्हा वाटत होतं. नंतर खूप दिवस मी ते लिहून बघितलं आणि कुठल्याच वेळी ते एका वाक्यात बसलं नाही.

“मी सांगतो,” पप्पा म्हणाले. “काय करायला पाहिजे होतं ते मले नाही माहीत. पण माहे आजोबा म्हणत, आम्ही रस्ता राखला. परवा एक पठाण भेटला. त्याचा आजोबा म्हणे, रस्त्यावर फौज बसली, बकरी तिकडे नेता येत नाही. दोन्ही म्हातारे खरं तेच बोलले. एक आपल्या घरात सांगितलं जाते. दुसरं मले साठीला आल्यावर समजलं, तेही चहा पाजून.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. एक म्हणाले पान वाईट नाही पण शेवटची ओळ काढा. दुसरे म्हणाले शेवटची ओळ ठेवा, ‘माफी नसते’ काढा. कुणी म्हणालं की बाहेरचे लोक ही पुस्तिका हातात धरून आपल्यालाच टोचतील, बघा, यांनीच कबूल केलं. त्यावर नर्सताई म्हणाल्या, “टोचणारे काय पुस्तिकेची वाट बघत बसलेत का?” चहा दोनदा आला. काका मधे बोलले नाहीत. ते आपल्या आजोबांच्या फोटोकडेही बघत नव्हते. ते छापील कागद मांडीवर घेऊन ते पान तिसऱ्यांदा वाचत होते, स्वतःच्या मनाशी, ओठ हलवत.

शेवटी त्यांनी हात वर केला. अध्यक्ष असून हात वर केला म्हणून सगळे गप्प झाले.

“पान ऱ्हाईल,” ते म्हणाले. “अक्षर बदलायचं नाही. पण त्याच्या समोरचं पान माझं. मी लिवीन. आणि बाय, तू त्याला हात लावायचा नाहीस. शुद्धलेखन कर हवं तर. एक शब्द बदललास तर मी प्रेसला फोन करीन.”

“तुम्ही काय लिहिणार?” मी विचारलं. वाचन संपलं होतं, आता मला बोलता येत होतं.

“ते तू छापून आल्यावर वाच.”

“मीच टाइप करणार ना काका.”

“मग टाइप करताना वाच,” काका म्हणाले, आणि पुन्हा हसू फुटलं, पण काका हसले नाहीत.

पान त्यांनी लिहून दिलं नाही, सांगितलं. विमानतळावरून ब्रेकमध्ये व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचे, तुकड्या तुकड्यांनी, मागे इंजिनाची घरघर. मी गॅरेजच्या ऑफिसात कानात लावून टाइप करायचे. त्यांनी आजोबांची हजेरी सांगितली. पेन्शन आणायला आजी किती लांब चालत जायची ते सांगितलं. किल्ल्यात अक्षरं गिरवणाऱ्या काळ्या शिपायाबद्दल सांगितलं की हा माणूस मला ओळखीचा वाटतो, त्याला कुणी दगड मारला तर मला लागतो. मग म्हणाले, ‘त्याच्या सैन्याने मारलेल्या घोड्यांचं मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. तरी मी त्याला गद्दार म्हणणार नाही.’

मी त्याला गद्दार म्हटलेलं नव्हतंच. तो शब्द माझ्या पानात कुठेच नाही. मी त्यांना फोन करून तसं सांगितलं.

“म्हटलं नाहीस, पण ऐकू आलं,” काका म्हणाले. “ऱ्हाऊ दे तसंच.”

“हे चूक आहे काका. वाचणाऱ्याला वाटेल मी म्हटलंय.”

“तुझं पान समोरच हाय की. बघेल वाचणारा. आता पहिल्यापासून वाचून दाखव.”

मी वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि आजीच्या चालण्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. बाकी काही बदललं नाही. त्यांच्या पानाखाली तारांकित करून मला खुलासा टाकायचा होता, मी तो टाइपही केला. पप्पा मला न्यायला येऊन दारात उभे होते. त्यांनी स्क्रीनवर वाकून तो वाचला आणि म्हणाले, “त्यायनं तुह्या पानाखाली टाकला का काही?”

मी खुलासा पुसला आणि फाइल नागपूरला पाठवली.